नळी गुंडाळायची गोष्ट

एक प्रश्न विचारू? तुमच्या गच्चीवर, अंगणात किंवा गॅलरीत झाडांना पाणी घालायचा पाइप असेल. तो या क्षणी कसा आहे? नळाशेजारी नीट गुंडाळलेला, की जिथे पाणी बंद केलं तिथेच लोळत पडलेला?

लाजू नका. आमच्या इंदूरच्या गच्चीवरचा पाइप पंचवीस वर्षं लोळतच होता. पाणी घालून झालं की नळ बंद करायचा आणि खाली निघून यायचं. "उद्या परत लागणारच आहे, गुंडाळायचा कशाला?" हे आमच्या घरातलं ठरलेलं उत्तर. ते उत्तर किती महागात पडू शकतं, हे मला कळलं ते सातासमुद्रापार, मुलीच्या घरासमोर, गालिचे धुणाऱ्या एका माणसाच्या गाडीमागे उभं राहून. पण ते कळायच्या आधी आमच्या घरातलं एक हाड मोडलं होतं. आज तीच गोष्ट सांगते.

धुणाराच घरी येतो

मुलगी आणि जावई अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराजवळ राहतात. परवापरवापर्यंत ते एका भाड्याच्या दुमजली घरात होते. खाली लाकडी फरशी. जिना आणि वरच्या खोल्यांत मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. आपण सतरंजी उचलतो, झटकतो, उन्हात टाकतो. हा गालिचा जमिनीला पक्का बसवलेला असतो. तो उचलून कुठे नेता येत नाही. म्हणून धुणारा माणूसच सगळं सामान घेऊन दारात येतो.

त्याचं सामान म्हणजे एक बंद व्हॅन. तिच्या पोटात इंजिनावर चालणारं यंत्र बसवलेलं असतं. ते पाणी तापवतं, दाबानं पुढे ढकलतं आणि मळकं झालेलं पाणी परत ओढून घेतं. लोक याला वाफेची धुलाई म्हणतात, पण ती वाफ नसते, कढत पाणी असतं. यंत्र बाहेर गाडीतच राहतं. घरात येतात त्या फक्त नळ्या, आणि त्यांच्या टोकाला गालिच्यावर फिरवायचा एक लांब दांडा.

नळ्या तीन प्रकारच्या. पहिली घराबाहेरच्या नळाचं पाणी गाडीपर्यंत आणते. ती आपल्या बागेतल्या पाइपसारखीच. दुसरी बारीक, पण जाड भिंतीची. तिचं आतलं भोक जेमतेम पाव इंचाचं. तिच्यातून कढत पाणी दाबानं दांड्यापर्यंत जातं. तिसरी सगळ्यांत मोठी, २ इंच व्यासाची, वळ्यावळ्यांची. ती मळकं पाणी ओढून गाडीतल्या टाकीत नेते. दुसरी आणि तिसरी नवराबायकोसारख्या जोडीनं फिरतात. ५०-५० फुटांचे तुकडे जोडून त्या १००-१५० फुटांपर्यंत जातात, कारण गाडी रस्त्याच्या कडेला असते आणि काम वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत.

ही कल्पना काही आजची नाही. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं ते यंत्र एवढं अवजड होतं की घोडागाडीवर लादून रस्त्यात उभं करावं लागे. पेट्रोलवर चालणारं इंजिन बाहेर धडधडत राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ साली राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले गालिचे याच यंत्रानं साफ झाले. घोडा गेला, मोटार आली. पण यंत्र बाहेर आणि नळी आत, ही रीत सव्वाशे वर्षांनीही तीच आहे.

म्हणजेच घरातल्या माणसांचा संबंध येतो तो यंत्राशी नाही, नळीशी. आमचाही आला.

फेब्रुवारीतली ती सकाळ

नात व्हायची होती मार्चमध्ये. आम्ही दोघं फेब्रुवारीतच पोचलो. बाळ रांगायला लागेल तेव्हा लागेल, पण घरी येण्याआधी गालिचे धुऊन घ्यावेत, असं मुलीच्या मनात होतं. सकाळी नऊची वेळ ठरली. माणूस आला साडेदहाला. तरुण पोरगा, एकटाच, त्या थंडीतही घामेजलेला.

त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि मी खिडकीतून बघतच राहिले. आत नळ्यांचा नुसता ढीग होता. मांजरानं लोकरीचा गुंडा खेळून टाकावा तसा. त्यावर बादल्या, साबणाचे डबे, एक पंखा. एक टोक ओढलं की दुसरीकडून काहीतरी खाली पडे. पाऊण तास तो नुसता ओढत होता, सोडवत होता आणि स्वतःशी पुटपुटत होता.

त्यात रात्रभर गाडी उघड्यावर उभी. बाहेर बर्फ. थंडीत नळी ताठ होते, आणि ज्या आकारात तिला कोंबलेली असते तोच आकार धरून बसते. त्यानं ती बैठकीत टाकली, पण ती सपाट पडेना. जागोजागी तिची वेटोळी जमिनीवरून वर उभी राहिली. पोराला उशीर झालेला, खिशात फोन वाजतोय, पुढचं घर वाट बघतंय. मग त्यानं नळी सगळ्यांत जवळच्या वाटेनं नेली. दारातून सरळ आडवी, स्वयंपाकघर आणि जिना यांच्या मधोमध.

हे चहाचा कप आत ठेवायला निघाले. एक पाऊल नळीपलीकडे टाकलं. दुसरं एका उभ्या वेटोळ्यात अडकलं. पडताना माणूस आपसूक हात टेकतो. उजवं मनगट मोडलं.

मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "बघून चालता येत नाही का?" त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्या तोंडून इतक्यांदा बाहेर पडलंय की ते आपोआपच आलं. हे काहीच बोलले नाहीत. तो पोरगा पांढराफटक पडला, पुन्हा पुन्हा माफी मागत राहिला. जावयानं ह्यांना दवाखान्यात नेलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

तीन आठवड्यांनी नात आली. घरी आणल्यावर मी घेतली, जावयानं घेतली, शेजारच्या काकूंनीही घेतली. ह्यांनी खुर्चीत बसून डावा हात पुढे केला, आणि लगेच मागे घेतला. "नको. एका हातानं नको. पडेल बाई." प्लास्टर निघेपर्यंत तीन आठवडे हे तिच्या पाळण्याशेजारी नुसते बसून राहायचे. ज्या आजोबांनी अकरा महिने आधीपासून झबली जमवली होती, त्यांना त्या झबल्यातलं बाळ उचलता येईना. मला ते बघवत नव्हतं. पण "बघून चालता येत नाही का" हे वाक्य मी परत घेतलं नाही. खरं सांगायचं तर मनातून मला वाटत होतंच, की चूक ह्यांचीच.

मागचं दार उघडलं तेव्हा

अडीच वर्षांनी, गेल्या ऑक्टोबरात, आम्ही पुन्हा तिथे होतो. मुलीनं स्वतःचं घर घेतलं होतं. भाड्याच्या घराची किल्ली परत देण्याआधी गालिचे धुऊन देणं भाग होतं. त्यातून नातीनं वरच्या खोलीत हळदीचं दूध सांडून ठेवलं होतं. ("आज्जीनं दिलं," असं तिनं सगळ्यांना सांगितलंही.)

गालिचेवाला येणार म्हटल्यावर मी ह्यांना आणि नातीला मागच्या अंगणात उन्हात बसवून आले आणि स्वतः पोलिसासारखी दाराशी उभी राहिले.

या वेळचा माणूस वेगळा होता. साठीचा, कमरेला पट्टा बांधलेला, बरोबर विशीतला एक मदतनीस. त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि मी पुन्हा बघतच राहिले. पण या वेळी कारण उलटं होतं.

पतंगाची फिरकी असते ना, तशी कमरेएवढी मोठी फिरकी दारालगतच, गाडीच्या तळाला बोल्टांनी आवळलेली. तिच्यावर जाडी नळी, वेढ्याशेजारी वेढा, सुतारानं आखून दिल्यासारखी. शेजारी बारीक नळीची छोटी फिरकी. स्वच्छ पाण्याचा पाइप रुंद हुकावर टांगलेला. सुट्या तुकड्यांची दोन्ही टोकं एकमेकांत खोचलेली, म्हणजे आतला मळकट थेंब गाडीत गळायला नको. जड डबे खाली, पट्ट्यानं बांधलेले. धुतलेले टॉवेल वर, झाकणाच्या खोक्यात. ड्रायव्हरची जागा आणि सामान यांच्यामध्ये लोखंडी जाळी, कारण गाडीनं करकचून ब्रेक मारला की मागचं सुटं सामान पुढे धाव घेतं.

"मॅम, काही हवंय का?" त्यानं विचारलं.

"नाही. तुमच्या नळ्या बघतेय."

तो हसला. म्हणाला, "तीस वर्षांत नळ्या बघायला कुणी आलं नव्हतं."

मग मी त्याला ह्यांच्या मनगटाची हकिगत सांगितली. त्याचं हसू मावळलं. त्यानं एकच प्रश्न विचारला. नळी घरात कशी टाकली होती हे नाही. त्यानं विचारलं, "त्या दिवशी त्याच्या गाडीत नळ्या कशा होत्या?"

"ढीग होता."

"मग ते आदल्या संध्याकाळीच झालं," तो म्हणाला. "तुमच्या घरी फक्त दिसलं."

नळी ओढायची नाही, न्यायची

आधी तो रिकाम्या हातांनी घरात आला. किती दारं, वळण कुठे, लहान मूल आहे का, कोण कुठून ये-जा करतं, हे सगळं त्यानं विचारलं. मागच्या अंगणातल्या आजोबांना पाणी प्यायला आत यायचं झालं तर कुठून येतील, हेही. मग गाडी थोडी पुढे घेतली. गाडीचं इंजिन तासन्‌तास चालू राहणार, तेव्हा तिच्या धुराचं तोंड घराच्या उघड्या दाराकडे नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, म्हणून तो जास्त घातक.

नळी त्यानं भिंतीच्या कडेकडेनं नेली. वाट लांब पडली, पण मधली जागा मोकळी राहिली. भिंतीच्या कोपऱ्यांना प्लास्टिकचे रक्षक लावले, म्हणजे नळी घासून रंग जायला नको. लाकडी फरशीवर कढत पाण्याच्या नळीखाली टॉवेल अंथरले, कारण त्या उष्णतेनं पॉलिशवर डाग पडू शकतो. जिन्यावर नळी भिंतीला लागून, म्हणजे कठडा धरून चढणाऱ्याची वाट मोकळी. आणि दाराला चिरेचा एक कापडी पडदा. नळी चिरेतून आत, दार जवळजवळ बंद. "उघडं दार दिसलं की मुलं आणि मांजरं आधी बाहेर पळतात," तो म्हणाला. आमच्या नातीला तो ओळखत नव्हता, तरी त्यानं तिला बरोबर ओळखलं.

काम सुरू केलं ते सगळ्यांत लांबच्या खोलीपासून. मागे सरकत सरकत दाराकडे. म्हणजे धुतलेल्या गालिच्यावरून नळी पुन्हा फरफटत न्यायला नको. आपण अंगण सारवतानाही असंच मागे सरकत येतो, नाही का?

दांड्याजवळची नळी थोडी बारीक होती, दीड इंची. मी विचारलं, सगळीच बारीक का नाही, वळायला सोपी पडेल. तर म्हणाला, वळायला सोपी, पण ओढ कमी. हिशेब केला तर खरंच आहे. दीड इंची नळीचं तोंड २ इंची नळीच्या निम्म्याहून थोडंच मोठं भरतं. म्हणून शेवटच्या हातभर वळणांपुरती बारीक, बाकी जाडी.

दोघं नळी एकदाही हिसकत नव्हते. वळणावर मदतनीस उभा राहायचा आणि वेढा हातानं पुढे द्यायचा. म्हातारा म्हणाला, "लोकांना वाटतं यंत्रानं कंबर जाते. माझी नळीनं गेली. पंधरा वर्षं मी जागेवर उभा राहून, अंग पिळून नळी ओढायचो. नळी ओढायची नसते. चालत जायचं आणि न्यायची."

हळदीच्या डागाचंही त्यानं खरं सांगितलं. डाग फिका होईल, पण लगेच पूर्ण जाईलच असं नाही. आणि त्याला भलताच साबण लावू नका. मी म्हटलं, ते आमच्याकडे प्रत्येक बाईला माहीत आहे. हळदीला खाराचा साबण लागला की ती लाल होते. नंतर तो डाग बराचसा उतरला.

काम संपलं तिथून

माझ्या दृष्टीनं काम चार वाजता संपलं. गालिचे धुऊन झाले, पैसे दिले. मी चहाचं विचारलं. तो म्हणाला, अजून अर्धा तास आहे. तो अर्धा तास नळीचा होता.

आधी त्यानं पाण्याचा पंप बंद केला आणि दांड्याचा खटका दाबून धरला. थेंब थांबेपर्यंत. शंभर फूट बारीक नळीत जवळजवळ लिटरभर कढत पाणी असतं. दाब न सोडता जोड उघडला, तर ते कुणाच्या तरी हातावर उडतं.

मग जाडी नळी. तिची ओढ त्यानं चालूच ठेवली. मदतनिसानं दांड्याकडचं टोक खांद्याएवढं उचललं आणि नळी हातातून सरकवत गाडीकडे चालत गेला. आत साठलेलं सगळं पाणी गुडगुडत टाकीत गेलं. मी मनात गणित केलं. २ इंची, ५० फुटांची नळी पूर्ण भरली तर तिच्यात तीसेक लिटर पाणी मावेल. म्हणजे तीस किलो. पूर्ण ती भरत नाही, पण चार-पाच लिटर जरी राहिलं, तरी ते वजन रोज उचलायचं कुणी? आणि बंद गाडीत त्या पाण्याचा वास यायचा तो वेगळाच.

गुंडाळताना मदतनिसाच्या मुठीत टॉवेल. नळी त्या मुठीतून पुसली जात फिरकीवर चढत होती. दिवसभर ती रस्त्यावर, गवतावर लोळलेली असते, आणि उद्या सकाळी ती दुसऱ्या कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत जाणार असते.

शेवटी शेवटी पोरगा दमला. घाईघाईत त्यानं दोन-तीन वेढे एकमेकांवर तिरके चढवले. म्हाताऱ्यानं पाहिलं. काही न बोलता फिरकी उलटी फिरवली, वीसेक फूट नळी खाली आली.

"उद्या सकाळी करतो ना," पोरगा कुरकुरला.

म्हातारा म्हणाला, "उद्या सकाळी सात वाजता या दाराशी जो माणूस येणार आहे, तो तूच आहेस. त्याच्याशी नीट वाग."

मी तिथेच उभी होते. त्या वाक्यानं मला आमची गच्ची आठवली. इस्त्रीची गाठ पडलेली वायर आठवली. रात्री ओट्यावर तशीच टाकलेली खरकटी भांडी आठवली. सकाळी त्या पसाऱ्यापाशी येणारी बाई दर वेळी मीच असते. आणि रात्रीच्या माझ्यावर चिडतेही मीच.

एक सरळ, एक उलटा

फिरकी नसलेली नळी हातानं कशी गुंडाळायची, तेही त्यानं मला शिकवलं. आपण सगळे वेढे एकाच बाजूनं घालतो. प्रत्येक वेढ्याबरोबर नळीला एक पीळ पडतो. दहा वेढे, दहा पीळ. नंतर ती ओढली की ते सगळे पीळ एका जागी येतात, गाठ पडते, पाणी अडतं आणि नळी तिथेच चिरते.

उपाय साधा आहे. पहिला वेढा नेहमीसारखा घ्या. दुसरा घेताना मनगट आतल्या बाजूला वळवा, म्हणजे वेढा उलट्या अंगानं बसतो. तिसरा पुन्हा सरळ, चौथा पुन्हा उलटा. सरळ वेढ्याचा पीळ उलटा वेढा काढून टाकतो. नाटक-गाण्याच्या कार्यक्रमांत माइकच्या लांब वायरी गुंडाळणारी जाणती मुलंही असंच करतात. मला तिसऱ्या खेपेला जमलं. तुम्हालाही जमेल. फक्त शेवटचं टोक वेढ्यांच्या आतून ओवू नका, नाहीतर उलगडताना गाठी पडतील.

थंडीत काय करता, असं विचारलं. म्हणाला, हिवाळ्यात गाडी रात्री ऊबदार गॅरेजात, आणि नळ्यांतलं पाणी पूर्ण काढून. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. नळीच्या जोडात चमचाभर पाणी राहिलं तरी पितळ फुटायला तेवढं पुरतं. मला फेब्रुवारीतल्या त्या पोराची गाडी आठवली. त्याला असं कुणी शिकवलंच नसेल. आदल्या संध्याकाळी तोही दमलेला असेल, अंधार पडला असेल, बर्फ पडत असेल, आणि त्यानं नळ्या आत लोटून दार लावलं असेल. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं? आमची गच्ची विचारा.

तुमच्या दारी पाइप आला तर

आपल्याकडे असल्या गाड्या क्वचितच दिसतात. पण सोफा धुणारे येतात, टाकी साफ करणारे येतात, उन्हाळ्यात टँकर येतो. पाइप आणि वायरी सगळ्यांबरोबर येतात. तेव्हा एवढं पाहा:

• काम सुरू व्हायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला सांगा, आज पाइप कुठून जाणार आहे. विशेषतः आजी-आजोबांना आणि रांगणाऱ्या-पळणाऱ्या मुलांच्या आईला.
• पाइप वाटेत आडवा नको, भिंतीकडेनं न्यायला सांगा. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या. जिन्यावर कठड्याची बाजू मोकळी ठेवा.
• वेटोळं उभं राहिलेलं दिसलं तर ते सपाट करून घ्या. पाय सपाट पाइपपेक्षा उभ्या वेटोळ्यात लवकर अडकतो.
• इंजिनवर चालणारं यंत्र असेल, तर ते घरात, बंद जिन्यात किंवा खिडकीखाली नको.
• माणसाला उशीर झाला असेल, तर त्याला पाणी द्या आणि "सावकाश होऊ द्या" म्हणा. घाई त्याची असते, पडतं आपलं माणूस.
• आवरायला लागणारा वेळ हा कामाचाच वेळ आहे. "झालं ना, आता निघा" असं म्हणू नका.

आणि घरच्या पाइपसाठी: वापरून झाला की नळ बंद करा, एक टोक उंच धरून पाणी काढून टाका. झाडांच्या कुंडीत जाईल, वाया जाणार नाही. पाइप खिळ्यावर टांगू नका, तिथे तो दबतो आणि चिरतो. भिंतीला आडवी बसवलेली जुनी बादली किंवा गाडीची जुनी रिम उत्तम. जागा सावलीची, कारण उन्हानं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. आणि पावसाळ्यात लोळत्या पाइपच्या आडोशाला पाणी साचू देऊ नका, डासांना तेवढं पुरतं.

उरलेलं एक वाक्य

त्या संध्याकाळी गाडी गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले. हे नातीला झोपाळ्यावर झोके देत होते. मी सगळं सांगितलं. फिरकी, टॉवेल, उलटा वेढा, आणि म्हाताऱ्याचं ते वाक्यही, की अपघात आदल्या संध्याकाळीच झाला होता.

हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझं बघून चालायचं चुकलं नव्हतं तर."

"नव्हतं."

"अडीच वर्षांनी सांगतेस."

"कळलंच आत्ता," मी म्हटलं. आणि मग जे अडीच वर्षं राहून गेलं होतं तेही म्हटलं. "चुकलं माझं. तेव्हा तसं बोलायला नको होतं."

हे हसले. "आता तेवढं गच्चीवरच्या पाइपचं बघ," म्हणाले.

पाइपचं बघितलं हे सांगायला नकोच. नळाशेजारी जुनी बादली आडवी ठोकून घेतली आहे. पाणी घालायचं काम माझं, गुंडाळायचं ह्यांचं, आणि ते हट्टानं उजव्या हातानं गुंडाळतात. परवा व्हिडिओ कॉलवर नात विचारत होती, आजोबा काय करताहेत? हे पाइप हातात धरूनच तिला मोजून दाखवत होते. एक सरळ, एक उलटा. एक सरळ, एक उलटा.

आता वर जा आणि तुमचा पाइप बघून या. उद्या सकाळी तिथे येणारं माणूस तुमचंच आहे.